दुष्काळात पाणी सोडणारे गाव

अकोला, जठारपेठ

वानखडे गुरुजींच्या घरी पोहोचल्यावर मी मोरीत जाऊन चूळ भरली आणि थबकले. पाणी खारट होते.

"ते बोअरचं हाय ताई," गुरुजी बाहेरून म्हणाले. "भांडे घासाले. प्याचं माठात हाय."

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात वाढले. खारे पाणी मला नवे नाही. पण आमच्याकडे ते ज्या समुद्रातून येते तो समोर दिसतो. भरती दिवसातून दोनदा येते, दोनदा ओसरते, आणि तिच्या वेळा घरातल्या कॅलेंडरवर छापलेल्या असतात. शेताच्या बांधाला लाकडी दारे असतात. भरतीच्या रेट्याने ती बंद होतात, ओहोटीला उघडतात. अकोल्यात समुद्र नाही, खाडी नाही. मीठ जमिनीखाली आहे, आणि त्याच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक कोणाकडेच नाही.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून गेलेल्या या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळी, खोल, कापसाला आणि हरभऱ्याला चांगली. विहीर खणली की पाणी लागते, पण खारे. ते कुठून आले याची भूगर्भाचे जाणकार वेगवेगळी कारणे देतात. गुरुजींच्या सुनेने एका वाक्यात निकाल लावला: "पहिले इथं समुद्र होता म्हनतात. गेला, पन मीठ इसरला."

गुरुजी निवृत्त गणित शिक्षक आहेत. नोकरीची बरीचशी वर्षे त्यांनी दर्यापूर तालुक्यातल्या सावरगव्हाण या गावात काढली. घर जठारपेठेत, बैठकीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली वह्यांची चळत. त्या वह्यांत सावरगव्हाणच्या डोहातल्या खारटपणाच्या नोंदी आहेत. पेनाच्या आकाराचा एक मीटर पाण्यात बुडवून ते आकडा टिपतात. त्यासाठी आजही महिन्यातून दोनदा एसटीने गावी जातात.

मी त्यांच्याकडे आले ती एका ऐकीव गोष्टीसाठी. हे गाव ऐन दुष्काळात, उन्हाळ्यात, स्वतःच्या डोहातले पाणी सोडून देते, असे मला एका सहकाऱ्याने सांगितले होते. मी गुरुजींना ते खरे का, असे विचारले.

"खरं हाय. पन दरवर्षी नाही. लागलं तरच," ते म्हणाले. "आणि यंदा लागन असं वाटून राहिलं."

रात्रीच्या जेवणात गोळ्याची कढी होती, ताकात उकळलेले वाटल्या डाळीचे गोळे. आमच्या कढीत गोळे नसतात, आणि इतकी मिरचीही नसते. मी डोळे पुसत दोन वाट्या संपवल्या.

अंजनगाव सुर्जी

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला थेट गावी नेले नाही. आधी गोड्या पाण्याचा मुलूख पाहा, म्हणजे खाऱ्याचे कळेल, असे त्यांचे म्हणणे. अंजनगाव सुर्जी सातपुड्याच्या पायथ्याजवळ आहे. इथे विड्याच्या पानांचे मळे आहेत आणि पिपरीचेही. पिपरी ही मिरीच्या जातीची वेल. तिची बोटाच्या पेराएवढी फळे वाळवून औषधासाठी विकतात. मळ्यात शिरताना वाकावे लागते. वर सावली, खाली ओल, आणि बाहेरच्या उन्हाच्या भट्टीपासून दहा पावलांवर अंगावर येणारा गारवा. कोकणातल्या पोफळीच्या बागेची आठवण झाली. तिथे गारवा आपोआप असतो. इथे तो रोज पाणी देऊन तयार करावा लागतो.

बाजारात पंपाच्या सामानाच्या दुकानापाशी गुरुजींना एका माणसाने हाक मारली. चाळिशी उलटलेला, उंच, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. हे गजाननभाऊ, सावरगव्हाणचेच. पंपाच्या नळीच्या तोंडाला बसवायचा नवा व्हॉल्व्ह घ्यायला आले होते.

"या कोन?" त्यांनी माझ्याकडे पाहून गुरुजींना विचारले.

"पेपरात लिहितात. कोकनातून आल्या, डोह पाहाले."

"मंग पाहून घ्या लवकर," गजाननभाऊ मला म्हणाले. "आमच्या वयनीच्या मनात आलं तं सोडून देतीन."

गुरुजींनी चहा सांगितला. शेजारच्या टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा बनवणे चालले होते. टपरीवाल्याने पुढे केलेली पुडी गजाननभाऊंनी हातानेच नाकारली.

"गावात खर्रा न खानारा मरद एकच," गुरुजी म्हणाले.

"पिपरीवाल्यानं जीभ जपा लागते," गजाननभाऊ म्हणाले. "माल चाखून समजते, पाहून नाही."

बसमध्ये त्यांनी सविस्तर सांगितले. खारपाणपट्ट्याच्या कडेला पिपरी लावणारे ते पहिलेच. लोकांनी वेड्यात काढले होते. डोहाचे गोडे पाणी मिळाले म्हणून वेल धरली. आता तिसरे वर्ष, वेल पूर्ण भरात. पाणी तुटले तर आठवड्यात जाते.

"ही दुसरी बाग हाय," ते म्हणाले. पहिलीचे काय झाले हे त्यांनी सांगितले नाही, आणि गुरुजी खिडकीबाहेर पाहत राहिले.

सावरगव्हाण, पहिला दिवस

सातपुड्यातून उतरणारी एक लहान नदी गावाला वळसा घालून पूर्णेकडे जाते. गावात तिला नाव नाही, नुसती नदी. गावाखाली तिचा डोह आहे, आणि डोहाच्या शेवटी मातीचा, दगडाने बांधून काढलेला बंधारा. पावसाळ्यात डोंगरातले गोडे पाणी इथे साठते. गोडे पाणी हलके, ते वर राहते. काठातून आणि तळातून झिरपणारे खारे पाणी जड, ते खाली बसते. नदी वाहती असेपर्यंत मीठ दबून राहते. पाऊस कमी झाला, वरून येणारी धार तुटली, की खालचे खारे पाणी डोहात बोटबोट वर चढू लागते. गावाचे पिण्याचे पाणी या डोहाच्या वरच्या थरातून येते. पंपाच्या नळीचे तोंड म्हणूनच तळाला नसते. ते एका रिकाम्या ड्रमला टांगलेले असते आणि पाण्याबरोबर वरखाली होते.

खारे पाणी किती वर आले हे पाहण्याचे काम लीलाबाईंचे. पाणी समितीच्या त्या प्रमुख; वय साठीच्या आसपास, नऊवारी लुगडे, आवाज काठावरून काठावर जाणारा. गजाननभाऊंच्या त्या थोरल्या वहिनी. त्यांचे हत्यार म्हणजे औषधाची एक जुनी काचेची बाटली. तिच्या बुडाला दगड बांधलेला, तोंडाला बुच, बुचाला वेगळी दोरी. बाटलीच्या दोरीला हाताहातावर गाठी. बाटली हव्या त्या गाठीपर्यंत सोडायची, बुचाची दोरी हिसकायची, बाटली भरली की वर ओढायची आणि घोट घ्यायचा.

सकाळी सहाला त्या तराफ्यावर उभ्या होत्या. तराफा म्हणजे चार ड्रमांवर ठोकलेल्या फळ्या. पहिली गाठ, तिसरी गाठ, चौथी. चौथीला त्यांनी तोंड वाकडे केले.

"काल पाचव्या गाठीले होतं. आज चौथीवर आलं."

गुरुजींनी उरलेले पाणी पेल्यात घेऊन मीटर बुडवला आणि मान हलवली. "मीटरही तेच म्हनते."

"मीटरले काय जाते म्हनाले? त्याले थोडंच प्या लागते."

"लीलाबाई, तुमची जीभ आणि माह्या वहीत दहा वर्षांत फरक निघाला नाही."

"मंग वही बंद करा ना गुरुजी. कागद तरी वाचन."

ही थट्टा नेहमीची असावी. काठावर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका हसल्या, पण चौथी गाठ ऐकून त्यांच्यातली एक लगेच घराकडे वळली. तासाभरात ती बातमी सगळ्या गावाला माहीत होती.

त्या संध्याकाळी लीलाबाईंच्या अंगणात रोडगे होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात आणि वर तूप घालतात. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. डाळ मऊ शिजली होती. खाऱ्या पाण्यात तूर शिजत नाही, तासन् तास दाण्यासारखी राहते. या पट्ट्यात सोयरीक करताना मुलीकडचे लोक मुलाच्या घरचे वरण खाऊन पाहतात, असे लीलाबाईंनी सांगितले. मी ते विनोद म्हणून घेतले. त्या हसल्या नाहीत.

जेवताना मी पहिल्या बागेबद्दल विचारले. गजाननभाऊ आले नव्हते. लीलाबाईंनी हात धुतले आणि सरळ उत्तर दिले.

"दहाबारा वर्षांमागच्या दुष्काळात असंच झालतं. बंधाऱ्याच्या तळाले पाइप हाय. गुरुजी म्हने, त्याचं बुच काढा, खालचं खारं जाऊ द्या, वरचं गोडं वाचन. सारं गाव म्हने, गुरुजी येडे झाले. दुष्काळात कोनी पानी सोडते काय? भाऊजी एकटे म्हनत होते, सोडा. त्याइची बाग होती. मीच जाऊन बसली त्या पाइपासमोर. म्हनलं, माह्या अंगावरून जा."

"मग?"

"मंग काय. नाही सोडलं. थेंब नाही सोडला. पंधरा दिवसात सारा डोह खारा. मानसं प्याले टँकर, आणि भाऊजीची बाग खारं पिऊन मेली. भाऊजी त्यावर कधी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तं बरं झालं असतं."

त्यानंतर त्यांनी समिती मागून घेतली, चाखायला शिकल्या, आणि लागेल त्या उन्हाळ्यात बुच काढले जाऊ लागले.

दुसरा दिवस

खारे पाणी तिसऱ्या गाठीच्या जवळ आले होते. नळीचे तोंड पहिल्या गाठीला असते. लीलाबाईंनी बागांचा पंप बंद करायला सांगितले आणि जाहीर केले की उद्या सकाळी बुच काढायचे.

गजाननभाऊ तडक बंधाऱ्यावर आले. हातात अंजनगावहून आणलेला व्हॉल्व्ह, अजून खोक्यातच.

"वयनी, आठ दिवस थांबा. वरतं डोंगरात पाऊस झाला म्हनतात."

"पाऊस तुमाले सांगून येते काय?"

"मंग पिपरीले काय पाजू? घाम?"

"भाऊजी, मले काहून बोलता? मिठाले बोला."

"तवा मी सोडा म्हनत होतो तं तुमी बसल्या होत्या. आता मी थांबा म्हनतो तं तुमी सोडता."

इतक्या वर्षांत न निघालेला शब्द निघाला होता. लीलाबाईंनी पदर खोचला.

"तवा तुमी बरोबर होते. आता मी हाय," त्या म्हणाल्या. "सोडलं तं डोह हात दोन हात उतरन. उरलेलं मानसाले पुरन, बागेले नाही. हे मी तुमाले तोंडावर सांगते. मागून नाही."

गजाननभाऊ खोके काखेत मारून निघून गेले. मला वाटले ते उद्या येणार नाहीत. गुरुजींना तसे वाटत नव्हते. त्या दुष्काळानंतर गावाने एक रीत घातली आहे, ते म्हणाले: ज्याचे सर्वात जास्त पाणी जाणार, त्यानेच बुच काढायचे. दुसऱ्याने काढले तर जन्माचे वैर राहते.

तिसरा दिवस

ते आले. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला उतरले, पाइपाच्या तोंडातल्या लाकडी बुचावरचे तरट सोडवले आणि घणाचे घाव घालून बुच सैल केले. चौथ्या घावाला बुच निघाले आणि पाणी मांडीएवढ्या जाड धारेने नाल्यात पडू लागले. वर गाव उभे होते. एका म्हाताऱ्याने धारेकडे पाठ केली.

हिशेब साधा आहे, पण त्यात चूक चालत नाही. खालचे खारे पाणी आधी बाहेर पडते. ते संपले की मागून गोडे येऊ लागते. लवकर बंद केले तर मीठ आत राहते आणि काही दिवसांत पुन्हा चढते; उशीर केला तर पिण्याचे पाणी नाल्यात जाते. बंद करायचा क्षण धारेची चव सांगते. धारेशी बसून लीलाबाई दर थोड्या वेळाने पेला भरत, घोट घेत, थुंकत. गुरुजी मीटर लावून आकडा सांगत. दोघांचे जुळत होते.

अकराच्या सुमारास एक अपघात झाला. गुरुजींनी मीटर क्षणभर बंधाऱ्याच्या दगडावर ठेवला. त्या दिवशी ऊन असे होते की दगडाला हात लावता येत नव्हता. उचलला तेव्हा त्याची काच पूर्ण काळी पडली होती, एकही आकडा दिसेना.

"तापला," गुरुजी म्हणाले आणि तो ओल्या रुमालात गुंडाळला. दहा वर्षांची वही उघडी होती आणि लिहायला काही नव्हते. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"ठेवा त्याले सावलीत. दमला असन," लीलाबाई म्हणाल्या. पण पुढच्या दोन घोटांनंतर त्यांनी स्वतःच पेला खाली ठेवला. चार तास खारे पाणी चाखून त्यांची जीभ बधिर झाली होती. "मले आता काहीच कळून नाही राहिलं. सारं सारखं लागते."

डोहातल्या खांबावर पाणी सकाळच्या खुणेपेक्षा दीड हात खाली गेलेले दिसत होते. वरून कोणीतरी ओरडले, "बंद करा ना आता! सारं गेलं!" लीलाबाईंनी पेला माझ्या हातात दिला. मी चाखले. मला ते गोडे वाटले आणि मी तसे सांगितले.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "तुमी खाडीच्या ना? तुमाले थोडं खारं काय समजन?" आणि वर पाहून हाक मारली, "भाऊजी! या इकडं."

आजूबाजूला कुजबुज झाली. धार जितकी लवकर थांबेल तितके पाणी उरणार, आणि उरलेल्या पाण्यावर सर्वात जास्त ज्याची आशा, तो माणूस निर्णय सांगणार होता. गजाननभाऊ उतरले. पेला धारेखाली धरला. घोट तोंडात फिरवला. थुंकले नाहीत, गिळला.

"खारं हाय," ते म्हणाले. "चालू राहू द्या."

वरचे लोक पुन्हा ओरडले. त्यांनी मान वर केली नाही. बुच मांडीवर घेऊन ते धारेशी बसले आणि नवे तरट त्याला गुंडाळत राहिले. थोड्या वेळाने पुन्हा चाखले.

"अजून हाय. कमी झालं."

खांबावर पाणी आणखी वीतभर उतरले. लीलाबाई त्यांच्या शेजारी बसून होत्या. त्यांनी एकदाही विचारले नाही. तिसऱ्या वेळी गजाननभाऊंनी घोट घेतला, पेला टाकला आणि बुच पाइपात घातले. मग "बंद!" म्हणाले. घण गुरुजींनी दिला. सहा घावांत धार थांबली. अचानक इतके शांत झाले की नाल्यातून दूर जाणारे पाणी ऐकू येत होते.

निघण्याचा दिवस

सकाळी मीटर सुरू झाला होता. लीलाबाई तराफ्यावर गेल्या आणि बाटली सरळ तळापर्यंत सोडली. डोह उतरल्याने आता तळ पाचव्या गाठीलाच लागत होता. त्यांनी घोट घेतला आणि पेला गुरुजींकडे दिला. गुरुजींनी आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि वहीत लिहिला. तळाचे पाणीसुद्धा पिण्याजोगे होते.

सातला गावाचे नळ सुटले. बागांच्या पंपाची तार काढून ठेवलेली होती.

बसला वेळ होता. लीलाबाई काठावर दोरी गुंडाळत बसल्या होत्या. काल बुच घालायच्या आधी एकदा स्वतः चाखून का पाहिले नाही, दुपारपर्यंत जीभ ताळ्यावर आली असती, असे मी त्यांना विचारले.

"कशाले?" त्या म्हणाल्या. "भाऊजीनं सांगतलं होतं ना."

डोहाच्या वरच्या अंगाला पिपरीची बाग दिसत होती. गजाननभाऊ शिडीवर चढून अर्ध्या मांडवावरची सावलीची हिरवी जाळी सोडत होते. घरच्या हंड्यातल्या पाण्यावर सगळी बाग जगणार नव्हती. ती जाळी त्यांनी वाचवायच्या ठरवलेल्या अर्ध्यावर नेली आणि आधीच्या सावलीवर दुसरी सावली बांधायला सुरुवात केली.